मस्तगडचं भगुनं

पूर ओसरल्यावर गोदाकाठच्या त्या गावात फोटो काढणारे आधी पोचले आणि खाणं मागून. एका ब्लँकेटला सहा-सहा हात लागायचे, आणि बेबीनंदानं ते घेताना कॅमेऱ्याकडं बघून हसायचं! तिचं घर बसलं होतं, भांडीकुंडी वाहून गेली होती. आजवर तिच्या दारातून कुणी उपाशी गेलं नव्हतं. आता तिनंच रांगेत उभं राहायचं, हे तिच्या जिवाला फार लागलं.

म्हणून जालन्याच्या मस्तगडातून टेम्पो आला तेव्हा ती मागंच थांबली. पण या मंडळींची तऱ्हाच निराळी. कॅमेरा नाही, भाषण नाही. बाह्या सरसावून ती चिखलात उतरली, छपरांसाठी आणलेले पत्रे गाडीतून उतरवले, शाळू ज्वारीचं बियाणं घरोघर पोचवलं, भांडी वाटली आणि चहाला न थांबता गेली. अशा माणसांना हात जोडावेत, दुसरं काय!

बेबीनंदाच्या वाट्याला एक भलंमोठं भगुनं आलं. तांब्याचं, आतून ताजी कल्हई, काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं नाव: शहाजादी महेमूद, मस्तगड. शेजारी लग्नाची तारीख.

"अवं, हे चुकून आलंय," ती नवऱ्याला म्हणाली. "लग्नातलं भांडं कोन देतंय? ती बाई घरभर हुडकत आसंल."

"मंग देऊ की परत," तातेराव म्हणाला. "पन आज सगळ्या गल्लीचा भात कशात शिजवतीस?"

तेही खरंच होतं. भगुनं राहिलं. बेबीनंदा बुडाला मातीचा लेप देऊनच ते चुलीवर चढवायची, उतरवलं की राखेनं घासायची. परक्याची चीज, तिला डाग लागता कामा नये. सगळी गल्ली त्यातून जेवली. मग हळूहळू घरांवर पत्रे चढले आणि चुली आपापल्या घरी गेल्या.

आता भगुनं परत करायचं. पण रिकामं कसं करायचं? शेजारणीची वाटीसुद्धा तिनं कधी रिकामी परत केली नव्हती. घरात होतं ते सगळं लोकांनी दिलेलं, आणि दिलेलंच भरून नेण्यात कसली आली शान! तिकडं शहाजादी हळहळत असेल, या विचारानं तिला घास गोड लागेना. तरी रानात पेरलेल्या शाळूकडं बघत ती थांबली.

संक्रांत झाली आणि शाळू हुरड्यावर आला. गाळाच्या रानात अशी टपोरी कणसं की बघत राहावं. बेबीनंदानं भाजलेला हुरडा भगुन्यात काठोकाठ भरला, वर फडकं बांधलं आणि अंबडहून एसटी धरली.

मस्तगडात विचारत विचारत गेली. दार उघडलं ते चष्मेवाल्या, ठेंगण्या बाईनं.

"आपा, तुमचं भगुनं चुकून आमच्याकडं आल्तं," बेबीनंदा एका दमात म्हणाली. "लई उशीर झाला, माफ करा."

शहाजादीनं आधी भांड्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"चुकून न्हाई, बाई. म्याच ठिवल्तं गाडीत. हे म्हनले, ते चेमटलेलं दे. म्या म्हनलं, चेमटलेलं भंगारवाल्याला देते की! जिथं सगळ्यांच्या चुली विझल्या, तिथं घरातलं सगळ्यात मोठं भांडं जायला पायजे."

बेबीनंदाचे डोळे भरून आले. शहाजादीनं फडकं सोडलं, मूठभर हुरडा तोंडात टाकला.

"वा! कुठला?"

"तुमच्या गाडीतल्या बियान्याचा. आमच्या रानातला."

ते 'आमच्या' म्हणताना बेबीनंदाची मान कितीतरी दिवसांनी वर झाली.

शहाजादीनं हुरडा परातीत ओतून घेतला, भगुन्यात तांदूळ भरले आणि ते तिच्यापुढं सरकवलं.

"आपा, मी घ्यायला न्हाई आले!"

"मंग मी रिकामं देऊ? मला काय रीत न्हाई?"

"तांदूळ न्हेते. पन भगुनं ठेवा तुमचं. तुमच्या लग्नातलं हाय."

"बिलकुल न्हाई," शहाजादी दटावत म्हणाली. "भगुनं हितं ठिवलंस, तर पुढच्या साली माझा हुरडा कशात आनशील?"