योपी पडदे उघडते

योपीशी भांडून भांडून माझं डोकं उठायचं. लायडन या डच शहरात कालव्यावरचं आमचं घर शेकडो वर्षं जुनं, आत जपानी वस्तूंचं संग्रहालय, त्याची जबाबदारी माझ्यावर, आणि तिथे हौसेने फुकट काम करणारी ही निवृत्त शिक्षिका. दर्शनी खोलीत नागासाकीहून उसनं आणलेलं रेशमावरचं चित्र होतं, लाल कंबरपट्टा बांधलेल्या बाईचं. तो लाल रंग उन्हाने उडतो, म्हणून मी रोज पडदे ओढायचे आणि योपी रोज उघडायची.

"भरदिवसा पडदे बंद? लोकांना वाटेल, काहीतरी लपवतोय आपण."

"अगं, चित्र खराब होईल!"

"पोरी, आपल्याकडे ऊन पडतं कधी?"

मी दोऱ्या बांधल्या, तिने सोडल्या. मी पाटी लावली, तर तिने पाटीतलं शुद्धलेखन सुधारलं आणि पडदे उघडले.

मग चित्राच्या मालकीणबाई कुरोइवा आल्या. चित्र आणखी वर्षभर आमच्याकडे ठेवायचं की नाही, हे त्या ठरवणार होत्या. ते गेलं तर माझं उन्हाळ्याचं प्रदर्शन बुडालं. मी त्यांना स्टेशनवरून घेऊन आले, तर बाहेर लख्ख ऊन आणि पडदे सताड उघडे!

लाल पट्टा फिकट गुलाबी झाला होता. कुरोइवाबाई बराच वेळ बघत राहिल्या.

"किती सुंदर प्रकाश आहे इथे," त्या हळूच म्हणाल्या.

इतकी वर्षं जपानी माणसांबरोबर काम करतेय, मला कळलं, हे कौतुक नव्हतं. पण योपीला कोण सांगणार?

"आहेच मुळी! खिडक्या बघा ना केवढ्या!"

"आमच्याकडे हिची खोली अंधारी असते. हिला तीच सवय," कुरोइवाबाई चित्राकडे बघत म्हणाल्या.

"मग इथे मजेत असेल की! राहू दे अजून दोन वर्षं."

मी तिच्या पायावर पाय दिला.

"पाय कशाला तुडवतेस?" ती ओरडली आणि कॉफी घेऊन आली. प्रत्येकी एक बिस्किट देऊन तिने डबा बंद केला.

"इतके दिवस तुम्हाला त्रास दिला," कुरोइवाबाई म्हणाल्या.

"छे हो, कसला त्रास!"

त्या नमस्कारासाठी वाकल्या आणि त्यांनी चित्राची लाकडी पेटी मागितली. गुंडाळताना त्यांनी उडालेल्या लाल रंगावर एकदाही नजर टाकली नाही.

"आवडलं म्हणाली ना? मग नेते कशाला?" त्या गेल्यावर योपीने विचारलं.

मी पडदे इतक्या जोरात ओढले की एक कडी तुटून पडली.

"आता कशाला ओढतेस?" योपी म्हणाली.

भिंत रिकामी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचं बरोबर होतं, आणि तेच मला सहन झालं नाही. मी तिथेच जमिनीवर बसून रडले.