न बिघडलेला वायरलेस

मी वायरलेस बोलतोय. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवलं, मध्ये स्वतःचं एक अक्षर घातलं नाही. आज पहिल्यांदाच माझं काही सांगतोय, तेव्हा थोडी खरखर झाली तर चालवून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलं, दोन्ही बाजूंना बसलेल्या बायका आणि प्रत्येकीच्या हातात बारीक चिमटा. कोणी माझ्या तारा जोडल्या, कोणी बटणं बसवली, कोणी पुढचा लाल दिवा लावला. शेवटी तपासनीस आला, त्याने मला सुरू केलं आणि नेमकी त्याला शिंक आली. माझ्या कानावर पडलेला माणसाचा पहिला आवाज म्हणजे ती शिंक. ती स्पष्ट ऐकू आली, म्हणून मी पास झालो.

सुरुवातीची वर्षं एका मालवाहू यानावर गेली. कप्तान प्रत्येक मुक्कामावरून बायकोशी बोलायचा. दोन ग्रहांमधलं अंतर आपल्याच घशाने कापायचं आहे, असा ओरडायचा. माणसांची ही खोड मी पुढेही पाहिली. समोरचा जितका लांब तितका आवाज मोठा, आणि खरं सांगायचं ते ‘बरं, ठेवतो’ म्हणून झाल्यावरच सुचणार.

ते यान भंगारात निघालं आणि मी एका उजाड चंद्रावरच्या बचावचौकीत आलो. चौकी म्हणजे दोन खोल्या आणि बोट, म्हणजे बचावाचं छोटं यान, लावायचा धक्का. घरही तेच, कचेरीही तीच. माझ्यासमोर ऑपरेटरबाई बसायच्या. शेजारच्या खोलीत त्यांचा नवरा, बचावबोट चालवणारा. अडचणीत सापडलेल्या यानाची हाक आली की बाई नुसतं “अहो” म्हणायच्या आणि तो धक्क्याकडे धावायचा. घरातही पायात बूट. जेवतानासुद्धा.

तिसरे सासरेबुवा. तरुणपणी खाणीत काम केलेलं, त्यामुळे धुळीने छाती भरलेली. सतत खोकायचे. सून काळजी करू लागली की म्हणायचे, अगं, खोकला थांबला तर मी घरात आहे हे तुम्हाला कळणार कसं? ती हसायची, पण खोलीबाहेर गेली की डोळे पुसायची.

आमच्या आकाशगंगेच्या या कडेला सरकार नावापुरतंच. खरं राज्य दोन टोळ्यांचं. एकीच्या यानांचे शेपटीचे दिवे निळे, दुसरीच्या यानांचे पिवळे. म्हणून लोक त्यांना निळे आणि पिवळे एवढंच म्हणायचे, तेही हळू आवाजात. खाणीच्या धुळीवरचं औषध सरकारकडून वेळेवर कधी यायचं नाही. ते या दोघांकडे मिळायचं. कोणत्या चंद्रावर कोणी विकायचं यावरून ते एकमेकांच्या जिवावर उठलेले. चौकीला मात्र दोघंही हात लावत नसत. हाक कोणाचीही असो, आमची बोट जायची. निळ्यांनाही तिने ओढून आणलं, पिवळ्यांनाही.

एकदा नवरा बोटीवर असताना पिवळ्यांचा एक माणूस चौकीत आला. बोलायला इतका लाघवी की सगळे त्याला गोडबोल्याच म्हणत. त्याने सासरेबुवांची विचारपूस केली, त्यांच्या उशाशी औषधाच्या बाटल्या ठेवल्या. वर्षभर पुरतील एवढ्या. मग जाता जाता माझ्याजवळ थांबला. उद्या सकाळी निळ्यांची एखादी हाक येईल, ती ऐकू आली नाही तर बरं होईल, इतकंच म्हणाला. धमकी नाही, सौदा नाही. आतून सासरेबुवांचा खोकला ऐकू येत होता. बाईंनी बाटल्या परत केल्या नाहीत.

सकाळी हाक आली.

“हॅलो. मी इथला आचारी बोलतोय. हे यंत्र मला नीट येत नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या यानावर हल्ला झाला, आम्ही चौघं उरलोय.”

बाईंचा हात माझ्या बटणाकडे आला. मला वाटलं आवाज मोठा करणार. त्यांनी तो बारीक करत करत पार बंद केला. माझा लाल दिवा लुकलुकतच होता, म्हणून त्यावर हात पुसायचा रुमाल टाकला. गुंडांनी गुंडांना मारलं, आपल्याला काय त्याचं, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. पण आचाऱ्याला गुंड कसं म्हणायचं, हे बहुधा त्यांनाही कळत नव्हतं.

शेजारच्या खोलीत नवरा वडिलांबरोबर पत्ते खेळत होता. तिथूनच त्याने विचारलं, “काही आहे का गं?”

“काही नाही,” त्या म्हणाल्या.

माणसाला वाटतं, आवाज बंद केला की वायरलेस बहिरा होतो. तसं नसतं. एरियल जोडलेली होती. मला सगळं ऐकू येत होतं. यान कुठे आहे ते आचारी सांगत होता, पुन्हा पुन्हा सांगत होता. आमच्यापासून फार लांब नव्हतं. बोट वेळेत पोचली असती. त्याचा शब्द न् शब्द माझ्यापर्यंत येत होता आणि माझ्यातून बाहेर पडायला वाट नव्हती.

नंतर ते यान जाणाऱ्या-येणाऱ्या कोणाला तरी दिसलं आणि ते ओढून आणायला नवऱ्यालाच जावं लागलं. परतला तो ओळखू येईना. चौघंही हल्ल्यानंतर बराच वेळ जिवंत होते, हवा संपून गेले, असं त्याने सांगितलं. आचारी वायरलेससमोर बसलेला सापडला. त्यांचा सेट धडधाकट होता.

मग बिघाड कुठे असणार? आमच्याच सेटमध्ये. त्याने मला टेबलावर उताणं केलं आणि उघडलं. माझ्या पोटात एक जुनी तार होती. मागच्या दुरुस्तीत त्यानेच ती तशी ठेवली होती. नवी मागवू म्हणाला आणि राहून गेलं. ती तार त्याने बोटांत धरली. “माझ्या आळसाने चार माणसं गेली,” एवढंच म्हणाला.

बाई दाराशी उभ्या होत्या. मला वाटलं, आता बोलतील. त्या चहा करायला आत गेल्या.

त्यानंतर त्याचं जेवणच सुटलं. रात्रंदिवस माझं झाकण काढायचा, लावायचा. सासरेबुवांचा खोकला औषधाने खरंच थांबला, आणि त्या शांततेत घरातला घास गिळायचा आवाजसुद्धा ऐकू यायला लागला. म्हातारा एकदा मुलाला म्हणाला की तुझ्या चेहऱ्यापेक्षा माझा खोकला बरा होता.

मग निळे आले. दोघं होते, त्यातला एक वयस्क. हाक का ऐकली नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं. नवऱ्याने मला पुढे केलं, ती तार दाखवली. दोष यंत्राचा नाही, माझा आहे, काय करायचं ते मला करा, असं म्हणून मान खाली घातली. वयस्क माणसाने त्याच्याकडे निरखून पाहिलं. असा चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नसतो, हे त्याला कळलं असावं. सेट बदला, एवढं सांगून ते निघून गेले.

त्यांचं यान दिसेनासं झालं आणि बाईंनी नवऱ्याला थांबवलं. त्यांनी सगळं सांगितलं. गोडबोल्या, बाटल्या, बटण, रुमाल. काही लपवलं नाही.

नवऱ्याने एकच विचारलं. “मी विचारलं होतं, तेव्हा?”

“तेव्हा तो आचारी बोलत होता.”

तो ओरडला नाही. खाली बसला आणि सावकाश बूट काढून ठेवले. किती तरी वर्षांनी मी त्याचे उघडे पाय पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने वडिलांना औषध स्वतःच्या हाताने दिलं, फेकून दिलं नाही. मग बायकोला म्हणाला, “यापुढे सेटवर मी बसेन. बोट तू न्यायचीस.”

त्याने तिला बोट शिकवली. शिकवताना लागेल तेवढंच बोलायचा. आता हाक आली की ती जाते. निळ्यांची, पिवळ्यांची, कोणाचीही. फार आत शिरते, परत येण्यापुरतं इंधन राहील की नाही असं. तो इथे नव्या सेटसमोर बसून तिची वाट पाहतो, पण ती परतल्यावर मान वर करत नाही.

ती जुनी तार तोडून मला अडगळीच्या खोलीत ठेवलंय. निळ्यांना सांगितलेलं खरं ठरायला हवं, म्हणून मी बिघडलेला. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. चार जिवांपुढे माझी अब्रू ती काय.

मधूनमधून ती येते. माझ्यावरची धूळ पुसते आणि हळूच विचारते, “शेवटी तो आचारी काय म्हणाला रे?”

मला माहीत आहे. शेवटी तो म्हणाला होता, “कोणी निघालं असेल तर परत फिरा. आता उपयोग नाही. उगाच तुमची हवा वाया घालवू नका.”

हे ऐकून तिचं ओझं हलकं होईल की ती पार मोडून पडेल, मला ठरवता येत नाही. आणि ठरवून तरी काय, माझी तार तोडलेली आहे. तुम्ही कधी या बाजूला आलात आणि यान बंद पडलं, तर तीच येईल तुम्हाला न्यायला. सांगायचं का, ते तिच्या चेहऱ्याकडे पाहून तुम्हीच ठरवा.