मेंढ्या बसण्याआधी

"मेंढ्या वाघरात घ्यायच्या आधी धनगराला रानाचं खरं सांगायचं, सूनबाई. कोवळी ज्वारी फुटली असंल, कायबी बाधनारं असंल, तर तसं. ती मानसं आपल्या शब्दावर जनावर टेकवत्यात."

मामंजींनी हे सांगितलं तेव्हा मी घरात नवी होते. ते गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. दिवाळीनंतर आमच्या तिसगावच्या शिवारात मेंढरं उतरत. गव्हाच्या पेरणीआधी विहिरीजवळच्या तुकड्यात जाळ्याचं वाघर लावून ती रात्री बसवायची. लेंड्या आणि मूत, एवढंच त्या रानाचं खत. बदल्यात धनगरांना ज्वारी.

तुळशीला पाणी घालून सूर्याला हात जोडल्याशिवाय घास घ्यायचा नाही आणि जिभेवर खोटं आणायचं नाही, हा माझा नेम. साळूबाई धनगरीण त्यावरून हसायची. "केशरबाई, एकदा तरी खोटं बोल की गं. आमालाबी ऐकू दे कसं वाटतंय."

जर्मनची लढाई संपली त्या साली आमच्या ह्यांनी तालुक्याहून पांढऱ्या खताचं पोतं आणलं. जाड मिठासारखा खडा. मी म्हटलं, "अहो, आधी मेंढरं बसू द्या. मग काय करायचं ते करा."

"बरं," म्हणाले. पोतं गोठ्यात ठेवलेलं मी पाहिलं होतं.

साळूबाई आली त्या दिवशी ह्यांनीच मला पुढे घातलं. "जा, सांग तिला. रान मोकळं हाय."

मी सांगितलं. तिने पुढचं विचारलंही नाही. नवऱ्याला, बन्सीला हाक मारली, "लावा वाघर."

सकाळी वाघरात मेंढ्या पाय ताणून पडलेल्या. पोटं फुगलेली, तोंडाला फेस. जित्या होत्या त्या अजून माती चाटत होत्या आणि बन्सी त्यांना काठीने हाकत होता. धनगर मेंढरांना मीठ चारतातच. पांढरा खडा दिसल्यावर ती बिचारी मागे कशी राहतील?

गोठ्यात जाऊन पाहिलं. पोतं रिकामं, घडी घालून ठेवलेलं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं, तर तू त्यांना सांगितलं असतंस. मग मेंढरं बसली नसती. दोन्ही खतं पडल्यावर गहू कसा येतो, बघ."

"मग मला कशाला पाठवलंत?"

"माझं ऐकलं असतं का त्यांनी?"

आवाजात राग नव्हता. बी किती खोल पेरायचं ते समजावून सांगावं, तसं सांगितलं.

त्यांनी बन्सीपुढे जास्तीच्या ज्वारीची पाटी ठेवली. त्याने तिला हात लावला नाही. साळूबाई माझ्याकडे बघत राहिली.

"तुला ठावं हुतं?"

"न्हाई गं. तुळशीची आन."

"आन नगं. कळलं." तिने मेलेल्या मेंढीच्या तोंडाचा फेस पदराने पुसला. "आता आमी कुनाला इचारायचं, बाई? गावोगाव ह्ये पडाया लागलंय. कुनी सांगत न्हाई."

"पुढल्या साली तुमी शिवंवर याल, तवा मी तिथं असंन. कुनाच्या रानात पडलंय, ते सांगंन. आमचंबी."

ती उठली आणि जित्या मेंढ्या वाघराबाहेर हाकू लागली.

गहू मात्र छातीएवढा आला. लोक बघायला येत. मी ह्यांना पोळ्या करून वाढत होते आणि स्वतः ज्वारीची भाकरी खात होते. त्यांनी कधी विचारलं नाही.

यंदा पोती दोन आली. पेरणीआधीच तुकड्यावर फेकून खडा मातीखाली झाकेल अशी वरून फळी फिरवली. शेजारच्या गहिनीनाथानेही तेच केलं.

"बन्सी यायचाय," हे काल जेवताना म्हणाले. "या खेपेला मीच बोलतो. तू घरात बस. मेंढ्या न बसता परत गेल्या तर रानाचं नुकसान आपलंच हाय, एवढं ध्यानात ठेव."

मी ताटात भाजी वाढली.

आज तुळशीला पाणी घातलं, सूर्याला हात जोडले. हे मोटेवर गेलेले. पाथर्डीच्या वाटेने मेंढरांची धूळ उठलेली ओट्यावरून दिसत होती. भाकरीवर झाकण घातलं, पदर डोक्यावर ओढला आणि मागच्या दाराने शिवेकडे निघाले.