हौदातलं काळवीट

धोंडप्पांनी पोस्टातल्या नोकरीत कुणाचं पाकीट कधी उघडलं नाही, पण रिटायर झाल्यावर त्यांना स्वतःलाच पाकिटं येऊ लागली. नेपाळ, श्रीलंका, झाईर. कुठले कुठले पत्रमित्र रंगीत नोटा पाठवायचे. धोंडप्पांना हव्या असायच्या त्या फक्त जनावरांच्या. ज्या देशाची नोट, त्याच देशातलं, संपत चाललेलं जनावर. गेंडा, बिबट्या, आणि सगळ्यांत लाडकं नेपाळच्या दहाच्या नोटेवरचं काळवीट. पाकिटातून नोटा मागवणं कायद्यात बसत नाही, हे पोस्टात जन्म घालवलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. पण छंदापायी त्यांनी चक्क डोळेझाक केली.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि उदगीरची पाठ दुष्काळ सोडत नव्हता. त्या सकाळी शेजारचा बसवंत धापा टाकत आला. लातूरहून जीप आलीय, खाकीतला साहेब परदेशी नोटावाल्याचं घर विचारतोय, म्हणाला. धोंडप्पांना वाटलं, हा नोटांसाठीच आलेला पोलीस. पेन्शन जाणार, म्हातारपणी बेड्या पडणार. त्यांनी नोटांची वही लाल फडक्यात गुंडाळली आणि गल्लीच्या हौदात टाकली. हौद आठ दिवस कोरडा ठणठणीत होता. तिथं कोण बघणार?

साहेब येऊन ओट्यावर टेकला. धोंडप्पांच्या बायकोनं, नीलम्मांनी चहा दिला. त्यानं नोटांचं नाव काढलं मात्र, धोंडप्पांनी हात झटकले. आपल्याकडे तसलं काही नाही म्हणाले. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला.

टँकर उद्या यायचा होता. कधी नव्हे तो सरकारी टँकर एक दिवस आधी आला, आता याला काय म्हणावं! पाइप हौदात पडला. उठावं तर बेड्या, बसावं तर बारा वर्षांची माया पाण्यात. धोंडप्पा कप धरून बसून राहिले, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

टँकर रिकामा होऊन गेला. गल्लीतल्या नागम्मानं पहिली घागर काढली, तर पाणी लालसर. एकच गलका झाला. कुणीतरी विष कालवलं म्हणे. नागम्मानं लेकीच्या तोंडचा तांब्या हिसकावला. बायका हौदाच्या बुडाचा बोळा काढायला धावल्या. आठ दिवसांचं पाणी गटारात जाणार होतं.

धोंडप्पांनी कप खाली ठेवला आणि साहेबाच्या समोरूनच ते हौदाकडे गेले.

“बोळा काढू नगा. इख न्हाई, फडक्याचा रंग हाय. माझ्या नोटा हायत आत. म्याच टाकल्यात.”

बायकांचे हात थांबले. बसवंतनं गळ टाकून गाठोडं वर काढलं. धोंडप्पांनी दोन्ही मनगटं साहेबापुढे धरली. साहेब गोंधळून बघतच राहिला. तो वनखात्याचा होता. लातुरात वन्यप्राण्यांचं प्रदर्शन भरायचं होतं, त्यासाठी नोटा मागायला आला होता.

वही उघडली. हातानं लिहिलेल्या नावांची शाई विरघळून गेली होती, नोट न् नोट लाल झाली होती. धोंडप्पांना रडू आवरेना. आता या काय कामाच्या, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. साहेबानं काळविटाची नोट अलगद सोडवून तळहातावर घेतली.

“हीच द्या, काका. परवा देवणीच्या रस्त्यावर एक काळवीट पाण्यासाठी माळ सोडून आलं. ट्रकखाली गेलं. ते असंच दिसत होतं.”

धोंडप्पांनी नोट धोतराच्या सोग्यानं टिपली आणि त्याच्या हातात दिली. हौदावर बायका तेच लाल पाणी भरून नेत होत्या.