जैतुनबीने ऐकलेला श्वास

"साब, ही पुडी नका देऊ," जैतुनबी म्हणाली आणि तिने माझ्यापुढे हात आडवा धरला.

मला राग आला. हैदराबादेहून डॉक्टरी शिकून छावणीजवळच्या त्या लहानशा दवाखान्यात येऊन मला दोनच महिने झाले होते. जैतुनबी तिथली आया, अठरा वर्षं फरशी पुसणारी, अक्षर न ओळखणारी. खाटेवर वैजापूरकडची साळूबाई होती. अंगात ताप, घामाने भिजलेलं लुगडं, मिनिटाला चाळीस श्वास. मी न्यूमोनिया ठरवून तापावर ॲस्पिरिन देणार होतो.

"छातीत घरघर नाय बघा," जैतुनबी म्हणाली. "नुस्ती खोल खोल धापायली. अन् कान वाजायलेत तिचे."

मी पुन्हा छाती तपासली. स्वच्छ होती. साळूबाईला नाव विचारलं, तर तिने घंटा कोण वाजवतंय म्हणून विचारलं. मघाशी हे मी वातातलं बोलणं समजलो होतो. तिचा नवरा फकिरा म्हणाला, परवापर्यंत तिला चांगलं ऐकू येत होतं. मग जैतुनबीनेच त्याला विचारलं, बाईने काय काय खाल्लं. गुडघे धरले म्हणून त्याने गुलमंडीच्या बाजारातून पुड्या आणल्या होत्या. दोन दिवसांत तिने तीसेक संपवल्या होत्या. ॲस्पिरिनच्याच.

हातातली पुडी मी खाली ठेवली. साळूबाईची लघवी उकळून तिच्यात फेरिक क्लोराईडचे थेंब टाकले. काचेच्या नळीत गर्द जांभळा रंग उतरला. ॲस्पिरिन अंगात भिनल्याची ती खूण होती.

पोट धुतलं, शिरेतून सलाईन आणि विष लघवीवाटे उतरावं म्हणून सोडा दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी फकिराने हळूच हाक मारली, तशी साळूबाईने मान वळवली.

"तुम्हाला कसं कळलं?" मी जैतुनबीला विचारलं. तोवर मी तिला अगं-तुगंच करत होतो.

तिची धाकटी बहीण जोहरा सांधेदुखीवर अशाच पुड्या खायची. दोन दिवस धापत होती, कान वाजतात म्हणत होती. सगळ्यांनी दमा ठरवला. ती गेल्यावर एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी पुड्यांचं सांगितलं. तेव्हापासून धाप लागलेलं कुणीही आलं, की जैतुनबी खाटेशी वाकून श्वास ऐकायची आणि कान वाजतात का, विचारायची.

नळी अजून खिडकीत होती. तिने ती उजेडात धरली.

"जोहराचं बी असंच जांभळं झालं असतं?"

"झालं असतं."

तिने मान हलवली. मग डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि नळी धुवायला नेली.