दोघं गेली, एकटा आला

तलावावर लाईफ जॅकेट देणाऱ्या बाईला सगळे फौजदारीण म्हणायचे, आणि उगाच म्हणत नव्हते. काउंटरच्या खिडकीतून ती अशी बघायची की सरळमार्गी माणूससुद्धा आपले खिसे चाचपून घ्यायचा. जॅकेट परत आलं की बकल, पट्टा, शिट्टी तपासल्याशिवाय ती कुणाला हलू द्यायची नाही. "विश्वास ठेवून बुडालेली माणसं ढिगाने पाहिलीत मी. संशय घेऊन बुडालेलं एक तरी दाखवा," असं तिचं म्हणणं. तिच्या नवऱ्याचं यावर वेगळं मत होतं, पण त्याला विचारतंय कोण!

त्या दिवशी अकराच्या सुमाराला एक जोडपं आलं. पुरुष पन्नाशीचा, जाड चष्म्याचा. बाई साधारण त्याच वयाची, हिरव्या स्वेटरमधली. चष्मेवाल्याने पर्यटनाचं कार्ड खिडकीतून आत सरकवलं. हे कार्ड काढलं की त्या भागातली आठ ठिकाणं बघता येतात. धबधबा, डोंगरावरचा किल्ला, गुहा, संग्रहालय असं करत करत जायचं आणि प्रत्येक ठिकाणी शिक्का घ्यायचा. यांचे दोन दिवसांत सात झाले होते. आठवं ठिकाण म्हणजे तलावाच्या पलीकडच्या काठावरचा जुना बुरूज. पॅडलबोटीने जायचं, बघून परत यायचं आणि शेवटचा शिक्का फौजदारिणीकडून घ्यायचा. तोवर कार्ड तिच्या ताब्यात.

"आधी जरा चहा घेऊ या का?" चष्मेवाला बायकोला म्हणाला.

"नको. आटपून टाकू."

"अगं, पण घाई कसली आहे?"

"सात ठिकाणी सात चहा झालेत," बाई म्हणाली आणि स्वतःच जॅकेट घालायला लागली.

फौजदारिणीने कान टवकारले. बाईच्या खांद्याला गच्च भरलेली पिशवी होती. "पिशवी इथे ठेवा, ताई. पाण्यात पडली तर आमच्या नावाने बोंब व्हायची."

"राहू दे. सांभाळते मी."

बुरूज बघायला एवढं बोचकं कशाला न्यायचं? फौजदारिणीला काही ते पटलं नाही. पण नेऊ नका म्हणायला नियम नव्हता. बोट गेली.

दीड तासाने बोट परत येताना दिसली, ती एका अंगाला कललेली. पॅडलबोटीला चार पाय लागतात. दोनच असले की ती अशी लंगडत, भरकटत येते. फौजदारिणीने कपाळाला आडवा हात लावून नीट पाहिलं. बोटीत एकच डोकं होतं.

"काका, दोघं गेली होती ना?" तिने धक्क्यावरच्या बोटवाल्या काकांना हाक मारली.

"गेली होती खरी," काका म्हणाले.

चष्मेवाला उतरला, खिडकीशी आला आणि दोन जॅकेटं समोर ठेवली.

"ताई कुठायत?"

"तिला बोट लागली. चक्कर येत होती. रस्त्याने येतेय."

"रस्त्याने? बारा किलोमीटरचा वळसा आहे!"

"येईल," तो म्हणाला आणि घड्याळात बघितलं.

फौजदारिणीने जॅकेटं पुढ्यात ओढली. त्याच्या जॅकेटवर पाणी उडालेलं होतं, पट्ट्याला पीळ पडला होता. बाईचं मात्र खडखडीत कोरडं. व्यवस्थित घडी घातलेली, आणि तिन्ही बकलं लावलेली. अकरा वर्षांच्या नोकरीत काढलेल्या जॅकेटची बकलं परत लावून देणारा एकही प्राणी तिला भेटला नव्हता. लोक जॅकेट फेकतात, जॅकेटवर बसतात, त्यात पोरांची नाकं पुसतात. हे कुणीतरी सावकाश, सगळं कसं नीटनेटकं दिसावं म्हणून केलं होतं. का? आणि पिशवी कुठे गेली?

तेवढ्यात बोट बांधून काका आले. त्यांनी सहज विचारलं, "वहिनी राहिल्या का मागे?"

"बुरुजावरच बसलीय. तिला फार आवडला बुरूज," चष्मेवाला म्हणाला.

झालं! दोन मिनिटांत दोन गोष्टी. फौजदारीण खिडकीतून अर्धी बाहेर आली. "काका, गेटवरच्या पोलिसाला बोलवा. आणि अहो चष्मेवाले, इथून एक पाऊल हलायचं नाही. बायको कुठे आहे तुमची? खरं सांगा!"

तलावावर आलेली माणसं पाणी सोडून इकडे जमली. "असलेच साळसूद असतात," एक आजी म्हणाली. "तोंड उघडत नाही बघा," दुसरं कुणीतरी म्हणालं. चष्मेवाला खरंच तोंड उघडत नव्हता. पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होता.

"घड्याळ कसलं बघताय? पळायची वेळ झाली का?" फौजदारीण ओरडली. ती हिरव्या स्वेटरवाली पाण्याखाली असेल तर आपणच तिला बोटीत चढवलंय, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

पोलीस आला. त्याने चष्मेवाल्याला बायकोला फोन लावायला सांगितलं. तीनदा लावला, तीनदा वाजून वाजून बंद झाला.

"पाणबुडे मागवतो," पोलीस म्हणाला. "आणि नाक्यावर कळवतो. पलीकडच्या रस्त्याने निघालेली एकूण एक गाडी, बस, सगळं थांबवून तपासू दे. बाई जिवंत असेल तर सापडेल."

चष्मेवाल्याने पहिल्यांदा मान वर केली. "हो. थांबवाच. लगेच थांबवा."

काय बेरकी माणूस आहे, फौजदारिणीला वाटलं, कसा आव आणतोय! पोलीस नाक्याचा नंबर शोधत होता. तेवढ्यात तिला कार्ड आठवलं. कार्डामागे दोघांचे नंबर लिहिलेले असतात. तिने कार्ड उलटं केलं आणि आपल्या मोबाइलवरून बाईचा नंबर लावला.

"हॅलो?" बाईचा आवाज आला. मागे इंजिनाची घरघर होती.

फौजदारिणीने घाईघाईने स्पीकर लावला. "ताई! तुम्ही जिवंत आहात?"

"म्हणजे? कोण बोलतंय?"

"तलावावरची जॅकेटवाली. इथे पोलीस आलेत, तुमच्या मिस्टरांना धरलंय. तुम्हाला बुडवलं असं वाटतंय सगळ्यांना."

"अरे देवा! सोडा हो त्यांना. त्यांनी काही केलं नाही. मी घर सोडून निघालेय. आमचं ठरलं होतं, ही आठ ठिकाणं शेवटची एकत्र बघायची. तोवर माझं मन बदललं तर बदललं. नाहीतर मी जाईन आणि ते अडवणार नाहीत. त्यांनी शब्द पाळला. मला बुरुजाखालीच बस मिळाली." मग जरा घुटमळून म्हणाली, "तुमचं जॅकेट घडी करून, बकलं लावून दिलं होतं. मिळालं ना नीट?"

"मिळालं," फौजदारीण कसंबसं म्हणाली. "त्यांच्याशी बोलता का?"

"नको," बाई म्हणाली आणि फोन बंद झाला.

गर्दीतल्या प्रत्येकाला एकाएकी आपापली कामं आठवली. पोलीस चरफडला, "साहेब, आधीच बोलायला काय झालं होतं?" आणि पाय आपटत गेटकडे गेला.

फौजदारिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ती काउंटर सोडून बाहेर आली, बाकावर टेकलेल्या चष्मेवाल्याच्या हातात चहाचा कप देऊन त्याच्याशेजारी बसली. "चुकलं माझं. नाही नाही ते बोलले मी."

"नाही हो. तुम्ही ओरडायला लागलात तेव्हा मला बरं वाटलं."

"काय?"

"मुद्दामच दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या मी. सकाळी तुमची नजर बघितली होती. म्हटलं, ही बाई सोडायची नाही. मी अडवणार नाही, असा शब्द दिला होता. पोलिसांनी अडवू नये, असं कुठे ठरलं होतं? बस एक वाजता नाक्यावर पोचते. आणखी दहा मिनिटं गेली असती तर तिला उतरवून घेतलं असतं."

फौजदारिणीला आधी संताप आला. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या बाईला या चष्म्याने सरळ सरळ वापरलं होतं! मग त्याने चहाला तोंडही लावलेलं नाही हे दिसलं आणि संताप विरला.

"आणि माझ्या फोनने घोटाळा केला," ती म्हणाली.

त्याने मान हलवली.

"पण उतरवून घेतलं असतं, पोलिसांच्या गाडीत घालून इथे आणलं असतं, तर पुढे? काय बोलणार होता तिच्याशी?"

चष्मेवाल्याने कप बाकावर ठेवला.

"तेच तर सुचत नव्हतं हो," तो म्हणाला. "दोन दिवस तेच शोधत होतो."