पाठ झाकणारी कुंची

“पोरी, हे कुंची एवढी नवी काऊन दिसते, एकदा सासूले इचारजो.”

पिंपळगाव राजाच्या झुंबरबाई सुईणीचे हे शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात, कारण ती कुंची म्हणजे मीच. प्रमिलेला तेव्हा सातवा महिना होता. पेटीत तिनेच मला शोधून काढलं होतं. खामगावच्या कॉलेजात शिकलेली पोर. तिला वाटलं, नजर लागणं नि ग्रहण पाळणं, तसलंच हेही काहीतरी. तिने हसून विषय उडवून लावला. सासू मंजुळाबाईंनी मला उचलून पुन्हा घडी घातली. काही बोलावं तर सगळंच बोलावं लागलं असतं.

मित्रांनो, मी एक जुनी कुंची आहे. हिरव्या खणाची, लाल गोटाची. बाळाच्या डोक्यावर बसते आणि मागे पाठीवरून खाली उतरते. मंजुळाबाईंनी पहिल्या बाळंतपणाआधी मला हाताने शिवलं. टाका इतका बारीक की बाया मला उलटी करून बघत. पण कुंचीचं भाग्य टाक्यात नसतं, ती किती मळते त्यात असतं. मी मळलेच नाही. त्या पहिल्या मुलीच्या कमरेवर, कण्याच्या रेषेत, पाण्याने भरलेला पातळ फोड होता. मला खाली ओढून तो झाकला. नऊ दिवसांनी ती गेली, नि मी पेटीत गेले. मंजुळाबाईंची पुढची लेकरं धडधाकट निघाली, पण त्यांच्या डोक्यावर मला घालायची मंजुळाबाईंची छाती झाली नाही.

वीसेक वर्षांनी त्यांची लेक शालूबाई माहेरी बाळंत झाली. मन घट्ट करून त्यांनी मला पुन्हा काढलं. पाठीवर तोच फोड. बारशाला आलेल्या बाया म्हणाल्या, कुंची काय सुरेख आहे. मला तेव्हा आनंद झाला होता, हे आज सांगवत नाही. सोळाव्या दिवशी तेही लेकरू गेलं, मी परत पेटीत.

प्रमिला ही मंजुळाबाईंची सून, आणि नात्याने भाचीही. मामाच्याच घरात दिलेली. पुढे पंधराएक वर्षांनी तिला मुलगी झाली, ती तीच पाठ घेऊन आली. घरात लगेच ठरलं की प्रमिलेने ग्रहणात विळीवर भेंडी चिरली होती. चार दिवस हळद, तेल, आणि वरून मी. पाचव्या दिवशी बाळ तापलं, तेव्हा कुठे एसटीने खामगावचा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला सारलं आणि विचारलं, घरात आधी कुणाला असं होतं का?

“नाही,” मंजुळाबाई म्हणाल्या.

सोबत आलेली झुंबरबाई दारातच उभी होती. “हाव, दोन लेकरं. मीच नाळ कापली त्यांची. आता तरी बोल ना वं, मंजुळा.”

डॉक्टरीणबाईंनी मग समजावलं. कण्याची नळी बाळ पोटात असताना, अगदी पहिल्या महिन्यातच मिटते. कधी ती मिटायची राहते. सगळी कारणं अजून कुणाला ठाऊक नाहीत, पण काही घराण्यांच्या रक्तातून हे पुढे येतं. आईकडून थोडं, बापाकडून थोडं. आणि दोघं एकाच रक्ताची असली तर धोका वाढू शकतो. भेंडीचा नि ग्रहणाचा काही संबंध नाही. पहिल्याच दिवशी आणलं असतं तर कदाचित पायांत जरा अधिक ताकद राहिली असती.

नागपूरला शस्त्रक्रिया झाली. मुलगी जगली. पाय हलत नाहीत; हातांवर सरकत अंगणभर फिरते. प्रमिला दिवसातून चारदा तिची पाठ तपासते, पाय चोळते, दुपटी धुते आणि बसल्या बसल्या पेंगते. मी मात्र पहिल्यांदाच मळले. माझा गोट उसवला, खणाचा रंग उडाला. आता मी त्या पोरीच्या बाहुलीला होते.

गेल्या महिन्यात कळलं की शालूबाईंच्या मुलीला, कोकिळेला, दिवस गेलेत. मंजुळाबाईंनी मला मागितलं, तिच्या सासरी चिखलीला पाठवायला. त्या पाठींबद्दल मात्र कुणाला काही बोलू द्यायचं नव्हतं. कोकिळेच्या धाकट्या बहिणीचं लग्न जमवायचं होतं.

“कुंची राहू द्या, मामी,” प्रमिला म्हणाली. “मी तिला सगळं लिहून चिठ्ठी धाडते.”

“अन् मंग ते धाकटी पोर बिनलग्नाची घरात बसली म्हंजे?”

“बसू द्या. ही तर बसलेलीच आहे ना.”

तिने अंगणातल्या लेकीकडे बोट केलं. मंजुळाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या.

चिठ्ठी जाऊन तीन आठवडे झाले. उत्तर नाही. लेकीला सोडून प्रमिलेला चिखलीला जाता येत नाही. मित्रांनो, मी आयुष्यभर पाठी झाकल्या. तुमच्या घरात एखादी जुनी कुंची फार नवी दिसत असेल, तर ती का, हे आईला नक्की विचारा. आणि प्रमिला रोज वाटेने जाणाऱ्या-येणाऱ्याला जे सांगते, तेच मी तुम्हालाही सांगते आहे:

“चिखलीकडे जाणं झालं तर दाणाबाजारामागे कोकिळेचं घर आहे. तिला चिठ्ठी मिळाली का, दवाखान्यात नाव घातलं का, तेवढं बघून या.”